आधी दाब मोजा, मग पंप बदला

हुबळी-धारवाडमधल्या आपल्या बऱ्याच घरांत वडिलांची एखादी जुनी पेट्रोल गाडी अजून असते. कॉलेजात जाणारी मुलं तीच चालवतात. ती सकाळी सुरू व्हायला त्रास देऊ लागली की मेस्त्री बहुधा म्हणतो, 'पंप गेलाय.' आमच्या गाडीबाबतही हेच सांगितलं गेलं. पण हा पंप असतो टाकीत आणि तो बदलणं म्हणजे हजारो रुपयांचा खर्च. म्हणून भाचीला मदतीला घेऊन मी आधी बॉनेटखाली पेट्रोलच्या दाबाचं गेज बसवलं.

टायरमध्ये आपण साधारण 32 पीएसआय हवा भरतो, म्हणजे सुमारे 2.2 बार. इंजेक्शनच्या साध्या पेट्रोल गाडीत इंधनाचा दाब बहुधा 2.5 ते 3.5 बार असतो. तेव्हा 0 ते 7 बारचं, पेट्रोलला चालणारं गेज पुरतं. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा.

काम उघड्यावर आणि इंजिन थंड असताना करायचं. जवळ अग्निशामक हवा. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे पाइपातला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली. इंजेक्टरांना पेट्रोल पोचवणाऱ्या फ्युएल रेलच्या अलीकडे रबरी पाइप कापून पितळी टी-जोड बसवला आणि त्याला गेज जोडलं. पाइप इंजेक्शनच्या दाबाचा आणि ई-20 पेट्रोलला टिकणारा घेतला. तो सायलेन्सरकडे जाणाऱ्या तापट भागापासून आणि फिरत्या पट्ट्यापासून दूर बांधला. फ्यूज आणि बॅटरी पुन्हा जोडून फक्त किल्ली फिरवली आणि प्रत्येक जोड कोरडा आहे ना, हे पाहूनच इंजिन सुरू केलं.

'हे डॅशबोर्डवर का नाही लावायचं?' भाचीने विचारलं. कारण या गेजच्या पाइपात खरंखुरं पेट्रोल असतं. ते माणसं बसतात तिथे आणणं म्हणजे आगीला बोलावणं. आत आकडा हवाच असेल तर बॉनेटखाली सेन्सर बसवून नुसती वायर आत न्यायची.

आमच्या गाडीत दाब लगेच 3 बारला पोचला. म्हणजे पंप जोर लावत होता. पण इंजिन बंद करताच काटा काही मिनिटांत शून्यावर आला. पुन्हा दाब चढवून टाकीकडे परत जाणारा रबरी पाइप चिमट्याने दाबून धरला, तर काटा जागच्या जागी राहिला. गळती रेग्युलेटरमधून होती. तेवढाच बदलला आणि पंप तसाच ठेवला. पाइप दाबूनही काटा उतरला असता, तर पंपातली एकमार्गी झडप किंवा गळका इंजेक्टर तपासावा लागला असता.

डिझेल कॉमन रेलच्या गाडीत दाब हजार बारच्याही वर जातो आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीतही तो शंभर बारच्या पुढे असतो. तिथल्या उच्च दाबाच्या पाइपाला हे गेज कधीच लावू नका. वॉरंटीतल्या गाडीचा पाइपही कापू नका. बाकी जुन्या गाड्यांसाठी मेस्त्रीला एवढंच विचारा, 'दाब किती आला?' आकडा मिळाल्यावरच पंपाचं बोलायचं.