आजीच्या माहेरचा रंग

गेल्या चैत्रात जालन्याला आमच्या आळीत एक बारसे होते. पाळण्यातले लेकरू दुधासारखे पांढरे. केस, पापण्या, भुवया, सारेच पांढरे. कुणी म्हणे, पोरीने ग्रहण पाहिले; कुणी म्हणे, कोड आहे, तिच्या माहेरचे. बाळंतीण मान खाली घालून बसली होती. बाळाची आजी माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, आता तुम्हीच सांगा!"

मला विचारण्याचे कारण उघड आहे. मीही तसाच आहे.

पन्नास वर्षांपूर्वी माझ्या आईने हेच सारे ऐकून घेतले. "सुनेने वंशाला डाग लावला," असे माझी आजी शेवटपर्यंत म्हणे. गंमत अशी, की आई ही आजीच्या सख्ख्या भावाची मुलगी! मामाची मुलगी करण्याची आमच्याकडे रीतच. आजी ज्या माहेराला नावे ठेवी, ते तिचे स्वतःचेच होते.

वडील फारसे शिकलेले नव्हते, पण बियाणे पिकवीत. जालना हे बियाण्यांचे गाव. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको काढली, आणि पुढे 'संकरित' हा शब्द चहाच्या टपरीवरही रुळला. वडिलांनी मला एकदा मक्याच्या वाफ्यात नेले. हिरव्या रोपांत चार-दोन पांढरीफटक उभी होती. ते म्हणाले, "यांचे आईबाप दोघेही हिरवेच. पांढरेपण दोघांच्या पोटात दडून होते. दोन्हीकडून आले, म्हणून दिसले. एकाच बाजूने आले असते, तर दिसले नसते."

मी विचारले, "अण्णा, ही मोठी होतात का?" ते काही बोलले नाहीत. पंधरा दिवसांनी मी एकटाच जाऊन पाहिले. हरितद्रव्य नसलेली ती रोपे, बियातली शिदोरी संपताच, वाळून गेली होती. त्यानंतर कित्येक रात्री मला झोप नव्हती.

माणूस असा वाळत नाही, हे कळायला मला फार दिवस लागले. डॉक्टर याला आल्बिनिझम म्हणतात. कातडीला, केसांना, डोळ्यांना रंग देणारे मेलॅनिन शरीरात नीट तयारच होत नाही. कोडाशी याचा संबंध नाही. कोडात रंग करणाऱ्या पेशीच मागाहून नाहीशा होतात. ही जन्मजात रासायनिक उणीव आहे, असे लंडनच्या आर्चिबाल्ड गॅरड यांनी १९०८ सालीच मांडले होते. आईबाप दोघेही ती उणीव लपून बाळगणारे असले, तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता. नात्यातल्या लग्नात असे दोघे एकत्र येण्याचा संभव वाढतो, एवढेच.

हे सारे मी त्या आजीबाईंना सांगितले. "म्हणजे निम्मे आमच्याकडचे?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "बरोबर निम्मे." मग त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "बरं, याच्या डोळ्यांचं काय?"

हा खरा प्रश्न! लोक रंग पाहतात, पण आमची अडचण नजरेची. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग पुरता घडत नाही, म्हणून चष्म्यानेही नजर पुरती सुधारत नाही. उन्हात डोळे दिपतात आणि बुबुळे सारखी हलतात. मान विशिष्ट कोनात तिरकी धरली की ती जरा स्थिरावतात. मी तशी धरीत असे, आणि आमचे एक मास्तर पट्टीने हनुवटी सरळ करीत! मग फळा पुन्हा दिसेनासा होई. मी माणसे चालीवरून नि आवाजावरून ओळखतो. समोरून गेलेल्याला ओळख दिली नाही, तर लोक मला गर्विष्ठ समजतात.

तेव्हा मी त्यांना एवढेच सुचविले: डोळ्यांच्या डॉक्टरांना लवकर दाखवा, शाळेत पहिल्या बाकावर बसवा, पुस्तक डोळ्यांशी नेले तर रागावू नका. नजर कायद्यातल्या मर्यादेखाली भरली, तर २०१६ च्या दिव्यांग कायद्याखाली प्रमाणपत्र मिळते. परीक्षेत जादा वेळ मागता येतो. वैशाखात बाहेर नेताना रुंद काठाची टोपी आणि लांब बाह्या हव्यातच. या कातडीला उन्हाने कर्करोगाचे भय असते, म्हणून न भरणारी जखम अंगावर काढू नये.

बाळंतिणीने तेव्हा प्रथमच वर पाहिले. "दादा," ती म्हणाली, "एवढ्या लहान डोक्याची टोपी कुठं मिळेल?"

"मिळायची कशाला?" आजीबाई म्हणाल्या. "मी शिवते."