सीमेवरचे दार आणि मोबाईलमधील किल्ली

नाशवंत मालाच्या तपासणीची वेळ ठरवण्यासाठी तयार झालेले एक सरकारी मोबाईल ॲप अवघ्या चार वर्षांत नऊ लाखांहून अधिक माणसांसाठी अमेरिकेचे प्रवेशद्वार बनले, अध्यक्षीय निवडणुकीत वादाचा मुद्दा झाले आणि नव्या अध्यक्षांचा शपथविधी उरकताच काही मिनिटांत त्या माणसांसाठी बंदही झाले. ‘सीबीपी वन’ नावाच्या या ॲपची कहाणी अमेरिकेच्या अंतर्गत राजकारणातील एक प्रकरण म्हणून सोडून देण्यासारखी नाही. प्रशासनातील प्रत्येक अडचणीवर ॲपचा उतारा सुचवण्याची पद्धत आपल्याकडेही आता रूढ झाली आहे. कायद्याने दिलेला हक्क ॲपवरील सोयीत रूपांतरित झाला की पुढे त्याचे काय होते, हे या प्रकरणाइतके स्वच्छपणे क्वचितच दिसले असेल.

अमेरिकेच्या सीमाशुल्क व सीमासंरक्षण खात्याने हे ॲप ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू केले. डोनाल्ड ट्रम्प यांची पहिली कारकीर्द तेव्हा संपत आली होती. उद्देश साधा होता. सीमेवर आलेला नाशवंत माल तपासणीवाचून खोळंबू नये म्हणून कस्टम्स दलाल, वाहतूकदार आणि फॉरवर्डर यांना तपासणीची वेळ मोबाईलवरून मागता यावी. तसेच परदेशी प्रवाशांना ‘आय-९४’ या आगमन-नोंदीसाठी आगाऊ अर्ज करता यावा. हिवाळ्यात मेक्सिकोतून येणारे टोमॅटो-काकडीचे ट्रक ॲरिझोनातील नोगालेससारख्या नाक्यांवरून आत येतात. त्यांच्या दृष्टीने तासांचा विलंब म्हणजे रोकड नुकसान. अशा ठिकाणी वेळ नेमून देणारी व्यवस्था व्यापारी आणि अधिकारी या दोघांच्याही हिताची असते. तिच्यावरून राजकीय वाद होण्याचे काही कारण नव्हते.

मालाकडून माणसांकडे

वाद सुरू झाला तो हीच व्यवस्था माणसांना लागू झाल्यानंतर. मार्च २०२० पासून कोविडचे कारण देऊन ‘टायटल ४२’ या सार्वजनिक आरोग्यविषयक तरतुदीखाली आश्रय मागणाऱ्यांना सीमेवरूनच परतवले जात होते. जो बायडेन यांच्या सरकारने जानेवारी २०२३ मध्ये, या बंदीतून सवलत मिळण्याजोग्या लोकांना ‘सीबीपी वन’वरून भेटीची वेळ घेण्याची मुभा दिली. ११ मे २०२३ रोजी टायटल ४२ संपुष्टात आले आणि त्याच वेळी लागू झालेल्या नव्या नियमाने ही मुभा जवळजवळ सक्तीची झाली. वेळ न घेता दक्षिण सीमेवर आलेला आणि वाटेतील देशात आश्रय न मागितलेला मनुष्य आश्रयास अपात्र आहे, असे काही अपवाद वगळता गृहीत धरले जाऊ लागले.

या व्यवस्थेचे गुण नाकारण्याचे कारण नाही. तिच्या आधी तिहुआनासारख्या शहरांत आश्रयार्थींची नावे वहीत लिहून ठेवली जात आणि नंबर लागेपर्यंत लोक महिनोन्‌महिने ताटकळत. त्या वहीवर ना कुणाचे कायदेशीर नियंत्रण होते, ना तिच्याविरुद्ध दाद मागण्याची सोय. ॲपमुळे आठ नाक्यांवरील गर्दीला काही शिस्त आली. जून २०२३ च्या अखेरीस दररोज १,४५० जणांना वेळ देण्याची क्षमता निर्माण झाली. जानेवारी २०२३ पासून डिसेंबर २०२४ अखेरपर्यंत ९ लाख ३६ हजार ५०० हून अधिक जणांनी ॲपवरून वेळ मिळवली. तपासणीनंतर त्यांतील बहुतेकांना ‘पॅरोल’वर, म्हणजे ठरावीक मुदतीचा तात्पुरता प्रवेश देऊन, देशात येऊ दिले गेले; आश्रयाचा निर्णय पुढे स्थलांतरविषयक न्यायालयाने करावयाचा होता.

परंतु मालासाठी योग्य असलेली रचना माणसाला लागू करताना तिचे दोषही मोठे झाले. ट्रकमागे दलाल असतो, कार्यालय असते, इंटरनेट असते. मेक्सिकोतील तात्पुरत्या निवाऱ्यात राहणाऱ्या कुटुंबाकडे एक जुना फोन असतो, तोही कधी चोरीला जातो. ॲप इंग्रजी, स्पॅनिश आणि हैतियन क्रिओल या तीनच भाषांत उपलब्ध होते. विनंती मेक्सिकोच्या ठरावीक भागातूनच करता येई. दक्षिणेकडील ताबास्को व चियापास ही राज्ये त्यात ऑगस्ट २०२४ मध्ये समाविष्ट झाली. सुरुवातीच्या महिन्यांत सावळ्या वर्णाच्या माणसांचे चेहरे ॲपच्या कॅमेऱ्याला नीट ओळखता येत नसल्याच्या तक्रारी झाल्या. आधी ‘जो पहिला येईल त्याला वेळ’ अशी पद्धत होती. मे २०२३ मध्ये ती बदलून काही वेळा सोडतीने आणि काही दीर्घकाळ थांबलेल्यांना देण्यात येऊ लागल्या. म्हणजे आश्रयाची गरज किती तातडीची आहे, यापेक्षा नशीब आणि चिकाटी यांना अधिक महत्त्व आले. ॲपची सक्ती हा आश्रय मागण्याच्या अधिकाराचा भंग आहे, अशी भूमिका ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच महिन्यात घेतली.

येथे कायद्याचा प्रश्न उभा राहतो. अमेरिकन काँग्रेसने संमत केलेल्या कायद्यानुसार त्या देशात पोहोचलेल्या कोणाही परकीयाला, तो अधिकृत नाक्यावरून आलेला असो वा नसो, आश्रयासाठी अर्ज करता येतो. कायद्यात ॲपचा उल्लेख नाही. नियमात मात्र ते आले. भाषेची अडचण, निरक्षरता, ॲपमधील गंभीर बिघाड असे अपवाद नियमात नमूद होते; पण ते सिद्ध करण्याचा भार अर्जदारावरच होता. जुलै २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायाधीश जॉन टायगर यांनी हा नियम बेकायदा ठरवला. मात्र अपिलामुळे त्या निकालाला स्थगिती मिळाली आणि नियम अमलात राहिला. सर्वोच्च विधिमंडळाने उघडे ठेवलेले दार कार्यकारी मंडळाने एका पडद्याएवढे अरुंद केले, एवढा याचा अर्थ.

वादाचे राजकारण

विरोधी रिपब्लिकन पक्षाने नेमका उलटा आक्षेप घेतला. हे दार अरुंद नसून सताड उघडे आहे आणि पॅरोलचा अधिकार प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र विचार करून वापरण्याऐवजी घाऊक वापरला जात आहे, असे त्या पक्षाचे म्हणणे होते. १ ऑक्टोबर २०२४ च्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या वादचर्चेत जे. डी. व्हान्स यांनी या ॲपचा विषय काढला, टिम वॉल्झ यांनी प्रत्युत्तर दिले आणि अखेर निवेदिकांना दोघांचेही मायक्रोफोन बंद करावे लागले. एखाद्या कस्टम्स ॲपला निवडणुकीत इतके महत्त्व मिळाल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे. त्याआधी ऑगस्ट २०२४ मध्ये गृहसुरक्षा खात्याच्या महानिरीक्षकांनी आपल्या अहवालात, ॲप सुरू करण्यापूर्वी जोखमीचे रीतसर मूल्यमापन झाले नव्हते आणि मिळालेल्या माहितीचा संशयास्पद बाबी हेरण्यासाठी पुरेसा उपयोग होत नव्हता, असा ठपका ठेवला होता. ॲप आश्रयार्थींना अपुरे वाटत होते आणि टीकाकारांना धोकादायक. दोघांनाही समाधानकारक उत्तर देऊ शकेल अशी चर्चा ते आणण्यापूर्वी विधिमंडळात झालीच नव्हती.

परिणामी २० जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प पुन्हा अध्यक्ष झाले, तेव्हा ॲपवरील वेळ देणे थांबवण्यासाठी कोणताही कायदा बदलावा लागला नाही. शपथविधीनंतर काही मिनिटांतच वेळापत्रक बंद झाले. सुमारे ३० हजार लोकांच्या आधीच मिळालेल्या वेळा रद्द झाल्या. त्यांतील कित्येक जण तर नाक्यांपाशी येऊन थांबले होते. मार्च २०२५ मध्ये ॲपचे नाव बदलून ‘सीबीपी होम’ झाले आणि त्यात देश स्वतःहून सोडण्याची इच्छा नोंदवण्याची सोय आली. एप्रिलमध्ये आधीच्या ॲपमार्गे आलेल्या अनेकांना पॅरोल रद्द झाल्याचे व देश सोडण्याची वेळ आल्याचे ई-मेल गेले. जे यंत्र येण्याची वेळ देत होते, तेच जाण्याची नोंद घेऊ लागले. नाशवंत मालाच्या तपासणीची विनंती करण्याची सोय मात्र नव्या ॲपमध्येही शाबूत राहिली. मालामागे व्यापाराचे हितसंबंध, करार आणि संघटना उभ्या असतात. आश्रयार्थींना दिलेली वेळ केवळ एका सरकारच्या धोरणावर उभी होती.

दिल्लीसाठी बोध

या घडामोडींचे पडसाद आपल्या संसदेपर्यंत पोहोचले ते वेगळ्या वाटेने. अमेरिकी आकडेवारीप्रमाणे ऑक्टोबर २०२२ ते सप्टेंबर २०२३ या वर्षात बेकायदा प्रवेश करताना ९६,९१७ भारतीय आढळले. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी १०४ भारतीयांना घेऊन अमेरिकेचे लष्करी विमान अमृतसरला उतरले. त्यांत हरयाणा व गुजरातमधील प्रत्येकी ३३, पंजाबमधील ३० आणि महाराष्ट्रातील ३ जण होते. दुसऱ्या दिवशी विरोधी सदस्यांनी संसदेच्या आवारात बेड्या घालून निदर्शने केली. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी राज्यसभेत निवेदन करताना अशी परतपाठवणी नवी नसून, विमानात बंधने वापरण्याची अमेरिकी कार्यपद्धती २०१२ पासूनची आहे, असे सांगितले. चर्चेचा रोख साहजिकच बेड्यांवर राहिला. तथापि, बाहेर स्थलांतर करणाऱ्या देशाच्या दृष्टीने दुसरा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे: परक्या देशाचा कायदेशीर मार्ग एका आदेशाने बंद होऊ शकणाऱ्या ॲपवर अवलंबून असेल, तर त्याला मार्ग म्हणावे काय?

याच प्रश्नाची देशी आवृत्ती आपल्या सीमाशुल्क प्रशासनापुढे आहे. गेल्या दशकात या खात्याने केलेले बदल लक्षणीय आहेत. १ एप्रिल २०१६ पासून ‘स्विफ्ट’ ही एकखिडकी व्यवस्था आली. प्रवाशांना सामानाची व चलनाची आगाऊ घोषणा करता यावी म्हणून २०१९ मध्ये ‘अतिथी’ ॲप आले. जून २०२० मध्ये बंगळुरू व चेन्नई येथे सुरू झालेली चेहराविरहित आकारणी ऑक्टोबर २०२० अखेर देशभर लागू झाली. न्हावा-शेव्यात उतरलेल्या मालाच्या बिल ऑफ एन्ट्रीची आकारणी आता दूरच्या दुसऱ्या बंदरातील अधिकारी करू शकतो. ओळखीपाळखीचा व्यवहार यामुळे आटोक्यात येतो, यात शंका नाही. शिवाय भारताने २०१६ मध्ये स्वीकारलेल्या आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये अमलात आलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या व्यापार सुलभीकरण कराराने, तपासणीच्या वेळा ठरवताना नाशवंत मालाला योग्य प्राधान्य देण्याचे बंधन सर्व सदस्य देशांवर घातले आहे. नाशिकच्या द्राक्षांना युरोपच्या बंदरावर जी तत्परता हवी असते, तीच परदेशी सफरचंदांना आपल्या बंदरावर देणे भाग आहे.

आपला सीमाशुल्क कायदा १९६२ चा असला, तरी एका बाबतीत तो शहाणा आहे. बिल ऑफ एन्ट्री संगणकीय प्रणालीवर सादर करावे असे कलम ४६ सांगते. परंतु तसे करणे शक्य नसेल तेथे आयुक्तांना अन्य रीतीने ते स्वीकारण्याची परवानगी देता येते, हेही तेच कलम सांगते. प्रवाशाने आपल्या सामानाची घोषणा करावी हे बंधन कलम ७७ ने घातले आहे. ॲप हे तिचे केवळ माध्यम आहे. म्हणजे कर्तव्य कायद्यात, माध्यम प्रशासनाकडे आणि माध्यम कोलमडले तर पर्याय पुन्हा कायद्यात. अमेरिकेत हरवली ती हीच रचना.

चिंता आहे ती पुढील पायरीची. या कायद्याखालील नियम आणि विनियम संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावे लागतात, असे कलम १५९ चे बंधन आहे. दोन्ही सभागृहांच्या दुय्यम विधान समित्या त्यांची छाननी करू शकतात. परिपत्रके आणि जाहीर सूचना या बंधनाबाहेर राहतात. ॲपची रचना तर त्याही पलीकडची. कोणत्या भाषा ठेवायच्या, कुणाला कोणत्या क्रमाने वेळ द्यायची, वेळ हुकली तर काय, शुल्क किती, हे निर्णय बहुधा कंत्राटदार आणि खात्याचा तांत्रिक कक्ष यांच्या टेबलावर होतात. पश्चिम बंगाल सरकारने २०२२ मध्ये पेट्रापोल येथे बांगलादेशाकडे जाणाऱ्या ट्रकांसाठी ‘सुविधा’ ही आगाऊ वेळ नोंदवण्याची सशुल्क व्यवस्था सुरू केली. सीमेवरची गर्दी आणि खासगी पार्किंगवाल्यांची मक्तेदारी कमी करणे हा तिचा हेतू योग्यच होता. पण निर्यात हा केंद्राचा विषय, रस्ता राज्याचा आणि वेळ ॲपची. अशा वेळी निर्यातदाराने दाद कुणाकडे मागावी, हे आधी ठरलेले असावे लागते.

यास्तव पुढच्या वेळी वित्त विधेयकातून सीमाशुल्क कायद्यात दुरुस्त्या येतील तेव्हा सदस्यांनी करांच्या दरांबरोबर तीन साध्या गोष्टी विचाराव्यात. ॲपवाचून तेच काम करण्याचा मार्ग कायद्यात लिहिलेला आहे काय? ॲपने दिलेली वेळ रद्द झाल्यास कारण कळण्याचा व अपिलाचा हक्क आहे काय? आणि वेळ वाटपाचे निकष दुय्यम विधान समितीपुढे येणार आहेत काय? या तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर सरकार बदलले तरी नाक्यावर पोहोचलेल्या मालाची आणि माणसाची वेळ एका रात्रीत पुसली जाणार नाही.