पॅक, चाल की सर्वस्व?

पत्त्यांचे नाव काढले की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या चढतात, आणि ते योग्यच आहे. द्यूताने धर्मराजाची काय दशा केली हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग वार्षिकांकात हा विषय कशाला? कारण डाव न मांडताही त्यातले निर्णयाचे गणित शिकण्यासारखे आहे.

दिवाळीत खेळली जाणारी तीन पत्ती घेऊ. 52 पत्त्यांतून तीन पाने 22,100 प्रकारे येतात. त्यांपैकी जोडी किंवा त्याहून वरचढ पाने फक्त 5,660 प्रकारांत असतात, म्हणजे साधारण चारांत एकदा. समजा, मध्ये 90 रुपये आहेत आणि शो मागायला 30 लागतात. 120 मिळवण्यासाठी 30 घालायचे, तर चारांत एकदा जिंकलो तरी बरोबरी होते. समोरचा ब्लाइंड असेल तर आपल्याजवळचे एक्का, राजा, गुलाम बहुधा पुरे पडतात. पण तो पाने पाहून चाल वाढवीत असेल, तर त्याची पाने आता 'कोणतीही तीन' राहिली नाहीत. चालीनेच त्याने काही सांगितलेले असते. तेव्हा पॅक करणे हा भित्रेपणा नव्हे.

पोकरच्या स्पर्धेत हे गणित आणखी कठीण होते. सर्वांना सारख्या चकत्या मिळतात आणि सक्तीची बोली ठरावीक वेळाने वाढत जाते. मोठ्या सक्तीच्या बोलीच्या दहापट किंवा त्याहून कमी चकत्या उरल्या, की जाणकार बहुधा दोनच वाटा मानतात: पाने टाकणे किंवा सर्व चकत्या लावणे. नुसती जुळती बोली लावली तर चकत्या जातात आणि समोरचा उठतही नाही. सर्वस्व लावणाऱ्याला मात्र विजयाचे दोन मार्ग असतात: समोरचा माघार घेईल किंवा आपली पाने सरस ठरतील. उलट दुसऱ्याने सर्वस्व लावले असता ते स्वीकारणाऱ्याला पहिला मार्ग नसतो. त्यामुळे त्याची पाने अधिक भक्कम हवीत. शिवाय बक्षिसे क्रमांकानुसार असल्याने दुप्पट झालेल्या चकत्यांची किंमत दुप्पट होत नाही, पण शेवटची चकती गेली की सारेच संपते.

1967 साली सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ म्हटले, तेव्हा तीन पत्तीला मात्र निव्वळ नशिबाचा मानले. पाने नशिबाचीच, यात वाद नाही. पैसेही डावात वाढत नाहीत, एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातात. 2025 साली केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, त्यामागे घराघरांतली हीच वजाबाकी होती.

आपल्या भागातला शेतकरी मात्र असा निर्णय कायदेशीरपणे दरवर्षी घेतो. सोयाबीन पेरले, पावसाने दडी मारली, बी वाया गेले. दुबार पेरणी करावी का? 'इतके घातले, आता मागे कसे फिरावे' हा विचार डाव हरणाऱ्याचा आहे. गेलेली पिशवी मध्ये पडलेल्या पैशांसारखी असते, ती आपली राहिलेली नसते. हिशेब फक्त नव्या पिशवीचा, उरलेल्या पावसाचा आणि येणाऱ्या भावाचा करायचा. आणि घरातले शेवटचे धान्य विकून बी आणायची वेळ आली, तर नफ्याची आशा कितीही मोठी दिसली तरी दहा वेळा विचार करायचा. पत्त्यांत सर्वस्व हरलेला दुसऱ्या दिवशी नव्या स्पर्धेत बसू शकतो. शेतकऱ्याला ती सोय नाही.