रात्री बारा वाजताचं रक्त

‘रिपोर्ट चुकला’ म्हणून कुणी लॅबवाल्यांशी हुज्जत घालू लागला की मला विचारावंसं वाटतं, नमुना कधी घेतला, कशात घेतला आणि पोचेपर्यंत होता कुठे? यंत्रं हल्ली क्वचित दगा देतात. घोळ बहुतेकदा आधीच झालेला असतो.

रक्त शरीराबाहेर आलं तरी स्वस्थ बसत नाही. त्यातल्या पेशी साखर खात राहतात. साध्या ट्यूबमध्ये तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर घटते, म्हणून साखरेसाठी करड्या झाकणाची, सोडियम फ्लोराइडवाली ट्यूब. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये पोटॅशियमयुक्त ईडीटीए असतं. तिच्यातलं रक्त कुणी घाईत लाल ट्यूबमध्ये ओतलं, तर पोटॅशियम भलतंच चढलेलं आणि कॅल्शियम तळाला गेलेलं दिसतं. डॉक्टरांची धावपळ सुरू होते, आणि पेशंट बाहेर बाकावर निवांत चहा पीत बसलेला असतो.

बाकीचे नियम भराभर सांगतो. लघवी दोन तासांत पोचणार नसेल तर फ्रीजमध्ये ठेवावी, रक्ताच्या कल्चरची बाटली मात्र कधीच नाही. क्षयासाठी खोल खोकून काढलेला सकाळचा बेडका हवा, लाळ नको. नाव डबीवर लिहावं, झाकणावर नव्हे. पाठवताना न गळणारी डबी, तिच्याभोवती कापूस घालून दुसरा डबा, त्यावर भक्कम खोकं. झालं.

आता माझ्या आवडीचा विषय. हत्तीरोगाचे सूक्ष्म जंतू, जेमतेम पाव मिलिमीटरचे, दिवसा फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री बोटाच्या टोकापर्यंत येतात. त्यांना पसरवणारा क्युलेक्स डासही रात्रीच चावतो, हा योगायोग नसावा. म्हणून आपल्याकडे हा नमुना रात्रीच घ्यायचा, साधारण दहा ते दोनच्या दरम्यान. पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरने १८७० च्या दशकात चीनमधल्या अमॉय बंदरात हे वेळापत्रक हेरलं. पुढे लंडनच्या स्टीफन मॅकेन्झीने एका रुग्णाला दिवसा झोपवून रात्री जागं ठेवलं, तर काही दिवसांत जंतूंनीही आपली पाळी बदलली! मला ही गोष्ट कुठल्याही रहस्यकथेपेक्षा सरस वाटते.

वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात अशा रात्रीच्या पथकाबरोबर मी हिंडलो आहे. पुढे बॅटरी, मागे भुंकणारी कुत्री. एका ओसरीवर म्हातारी उठून बसली, बोट पुढे केलं आणि करवादली, ‘‘दिवसा याले काय होते रे तुमाले?’’

‘‘आजी, तो जंतू दिवसा भायेर निघतच नाही.’’

‘‘मंग चोरच म्हना की!’’

कापसाने बोट पुसलं, सुई टोचली, काचपट्टीवर रक्ताचा जाड थर पसरला. काचपट्टीच्या कडेला घराचा नंबर लिहिला. पण खरी कसोटी त्यानंतर. ओला थर आडवा ठेवून वाळवायचा आणि मुंग्या-माश्यांपासून जपायचा. रात्रभर उघडा राहिला तर सकाळी रक्ताच्या जागी कोरी काच मिळते. दुसऱ्या दिवशी वाळलेला थर पाण्यात धरायचा. लालपणा उतरतो, जंतू असतील तर काचेला चिकटून राहतात. मग रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली. त्यासाठी वापरलं जाणारं जेएसबी हे रंगद्रव्य जसवंत सिंग आणि भट्टाचारजी या भारतीय संशोधकांनी १९४४ मध्ये मलेरियासाठी तयार केलं होतं.

आता पट्टीवरची चाचणी आली आहे. ती प्रौढ जंतूचं प्रथिन ओळखते, त्यामुळे दिवसाही चालते. मात्र रक्तात त्याची पिल्लं, म्हणजे हे सूक्ष्म जंतू, फिरताहेत का, हे पाहायला अजून रात्रीचीच काचपट्टी लागते. आणि पट्टीलाही घड्याळ सुटलेलं नाही. ती बरोबर दहाव्या मिनिटाला वाचायची. उशिरा पाहिली तर नसलेली रेषाही उमटलेली दिसू शकते.