दीड टनात बसवायचं घर

लष्करातल्या शिपायाच्या घराचं वजन किती असावं, हे सरकारने ठरवून ठेवलं आहे: १५०० किलो. नाईकाचंही तेवढंच. हवालदाराला त्याच्या दुप्पट, म्हणजे ३००० किलो, आणि नायब सुभेदारापासून पुढे ६०००. बदली झाली की सरकारी खर्चाने एवढं सामान हलवता येतं. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ मध्ये ठरलेला हा तक्ता पगाराच्या लेव्हलवर आखलेला आहे. घरात माणसं किती, हा रकाना त्यात नाही. त्यामुळे दोन मुलं आणि म्हातारी आई असलेल्या नाईकाला दीड टन, तर अजून लग्न न झालेल्या कॅप्टनला सहा टन.

वर्धा जिल्ह्यातल्या नाचणगावाला हा हिशेब नवा नाही. नाचणगाव आणि पुलगाव इतकी लागून आहेत की परक्या माणसाला दोन्हींमधली शीव पटकन सापडत नाही, आणि त्यांच्या शेजारीच केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. गावकऱ्यांच्या तोंडी तो नुसता ‘डेपो’, वस्तीचा भाग तो ‘कॅम्प’. सुमारे ७ हजार एकरांत पसरलेल्या या भांडारात आर्मी ऑर्डनन्स कोअरचे अधिकारी आणि जवान, पहाऱ्याला डिफेन्स सिक्युरिटी कोअर आणि सोबतीला मुलकी कर्मचारी. वर्दीतल्या माणसाचं बिऱ्हाड इथे दोन-तीन वर्षांचं पाहुणं असतं. पोस्टिंग ऑर्डर आली की घर मोजायला घ्यायचं.

ऑर्डर कधीही येवो, कुटुंबाचा जीव मार्च-एप्रिलच्या परीक्षांत अडकलेला असतो. पोरांचा निकाल हातात पडेपर्यंत मे उजाडतो, म्हणजे पारा पंचेचाळिशीला भिडलेला. त्याच दिवसांत गच्चीवर कुरडया, पापड, सरगुंडे वाळत असतात. उन्हाने कडक झालेलं वाळवण सगळ्यात हलकं आणि सगळ्यात नाजूक. ट्रकमध्ये त्याचा भुगा होतो, म्हणून ते मांडीवरून, रेल्वेने जातं.

बाकीचं घर पेट्यांमध्ये जातं. पत्र्याच्या काळ्या ट्रंका आणि प्लायवूडच्या मोठ्या पेट्या ही फौजी घराची खरी ओळख. पांढऱ्या रंगात नाव, हुद्दा, आर्मी नंबर, कुठून आणि कुठे. प्रत्येक बदलीला जुनं ‘कुठे’ काळ्या रंगाखाली जातं आणि नवं वर चढतं. रिकाम्या पेट्या ठेवायला क्वार्टरमध्ये जागा नसते, म्हणून त्या रिकाम्या राहतच नाहीत. दोन पेट्या शेजारी लावून वर गादी टाकली की दिवाण, एक उभी केली की टीव्हीचं टेबल. फर्निचरच पेटी असलं की त्याचं वेगळं वजन होत नाही. नवं लग्न झालेल्या जोडप्याला अनुभवी शेजारीण पहिला सल्ला हाच देते: पलंग घेऊ नका, पेट्या करून घ्या.

भरण्याची रीतही ठरलेली आहे. काचेच्या भांड्यांभोवती कागद कशाला, घरात रजया आहेतच. कुकरच्या पोटात वाट्या, वाट्यांत मसाल्याच्या पुड्या, डाळीच्या डब्यात पायमोजे. पोकळ जागा दिसली की हात शिवशिवतात. गाद्या गोणपाटात गुंडाळून दाभण आणि सुतळीने शिवायच्या. प्रत्येक पेटीला क्रमांक, आणि वहीत त्याच्यापुढे आत काय आहे याची यादी. एक पेटी मात्र शेवटी चढवायची, म्हणजे ती आधी उतरते. तिच्यात तवा, चार ताटं, डाळ-तांदूळ, कुलूप, बल्ब, पेचकस आणि एक चादर. नव्या स्टेशनवर क्वार्टर मिळायला उशीर झाला तर याच पेटीवर दिवस निघतात.

फ्रिज एक दिवस आधी बंद करून बर्फ वितळू द्यायचा, उभाच न्यायचा, पोहोचल्यावर काही तास थांबून मग सुरू करायचा. पुढून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनच्या ड्रमला बोल्ट लावायचे, ते हरवले असतील तर नवे आणायचे. विदर्भात ज्याच्याशिवाय उन्हाळा काढता येत नाही तो पत्र्याचा कूलर मात्र न्यावा की नाही, हे पुढच्या पोस्टिंगवर ठरतं. सिकंदराबादला तो उपयोगी पडतो. शिलाँगला नुसती अडगळ. म्हणून कूलर विकायचा, आणि गिऱ्हाईक बहुधा नुकतंच आलेलं, घामाघूम झालेलं बिऱ्हाड असतं.

आता पैशांचं. ट्रकभाड्यासाठी २०१७ च्या आदेशात चौथ्या लेव्हलपर्यंत (शिपाई, नाईक) किलोमीटरमागे १५ रुपये, पाचवीला (हवालदार) २५ आणि सहावीपासून ५० असा दर आहे. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की दर २५ टक्क्यांनी वाढवायचे, अशी तरतूदही आहे. पुलगाव ते सिकंदराबाद अंतर ५०० किलोमीटर धरलं तर मूळ दराने नाईकाला ७५०० रुपये होतात आणि हवालदाराला १२,५००. तेही प्रत्यक्ष खर्च यापेक्षा कमी नसेल तर. जे कमी, ते मिळतं. याखेरीज मूळ पगाराच्या ८० टक्के इतकं बदली अनुदान असतं. ३० हजार मूळ पगार असेल तर २४ हजार. दुचाकी सामानाच्या वजनात धरत नाहीत, ती वेगळी मंजूर आहे. ती रेल्वेच्या पार्सलने जाणार असेल तर टाकी रिकामी हवी आणि आरसीची प्रत सोबत.

खरी गोम अशी की किलो संपण्याआधी ट्रकमधली जागा संपते. गादी वजनाला हलकी, पण जागा खाते. पुस्तकांचं उलटं.

गाडीचा प्रश्न कागदाचाही आहे. वर्ध्याची एमएच-३२ पाटी घेऊन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं तर नव्याने नोंदणी, त्यासाठी इथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, तिथे कर भरायचा आणि इथला परत मागायचा. सप्टेंबर २०२१ पासून ‘बीएच’ मालिका आली आणि संरक्षण दलातल्या लोकांची यातून सुटका झाली. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा, पाटी देशभर चालते. लष्करी कुटुंबांसाठी गेल्या काही वर्षांत झालेला हा सर्वांत कामाचा बदल म्हणावा लागेल.

गॅसची शेगडी सोबत जाते, सिलिंडर नाही. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून अनामत परत घ्यायची आणि मिळालेला कागद नव्या गावी दाखवायचा. मुलांसाठी केंद्रीय विद्यालय ते केंद्रीय विद्यालय हा मार्ग सर्वांत सरळ. शाळेचे दाखले, लसीकरणाच्या नोंदी, कँटीन कार्ड, बँकेची कागदपत्रं ट्रकमध्ये कधीही जात नाहीत. ती पिशवी हातात असते. ३०-३१ मे २०१६ च्या रात्री डेपोत आग लागून स्फोट झाले, अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले आणि आसपासच्या गावांतल्या लोकांना अपरात्री घरं सोडावी लागली. कागदांची पिशवी एरवीही दाराशी का हवी, हे या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

अमेरिकेच्या लष्करातही वजन हुद्द्यावरच ठरतं, पण तिथल्या तक्त्यात दोन रकाने आहेत. हवालदाराच्या बरोबरीच्या सार्जंटला एकट्याला ७००० पौंड, कुटुंब असेल तर ९०००, म्हणजे सुमारे ४१०० किलो. त्या दुसऱ्या रकान्याचा हेवा वाटावा. बाकीचा वाटू नये. सामान हलवण्याचं सगळं काम एकाच कंत्राटदाराकडे सोपवण्याचा तिथला प्रयोग इतका फसला की जून २०२५ मध्ये कंत्राटच रद्द करावं लागलं. आपल्याकडे ट्रक स्वतः शोधायचा असतो. कटकट आहे, पण ट्रकवाल्याशी घासाघीस करायची सोयही आहे.

पोस्टिंग फील्डची, म्हणजे काश्मीर किंवा ईशान्येतल्या एखाद्या चौकीची असली तर घराचे दोन तुकडे होतात. जवानाबरोबर एक ट्रंक आणि बिस्तरा. बाकी सगळं बायको आणि मुलांबरोबर, त्यांनी निवडलेल्या ठिकाणी: कधी सासर, कधी शाळा चांगली असलेलं शहर. तिथवर सामान नेण्याचा खर्चही नियमांत बसतो. पण जवान पुढे निघून गेलेला असतो आणि पेट्या बांधायचं, ट्रक ठरवायचं, वजनकाट्याची पावती आणि बिल्टी सांभाळायचं काम तिच्यावर पडतं. क्लेममध्ये एक कागद कमी पडला तर हरकत येते. अधिकाऱ्यांचे क्लेम पुण्याच्या लेखा कार्यालयात तपासले जातात.

ट्रक निघाला तरी क्वार्टर सुटत नाही. मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसचा माणूस यादी घेऊन येतो: पंखे किती, नळ चालू आहेत का, खिडकीची काच फुटली कशी, भिंतीत खिळे कुणी ठोकले. म्हणून शहाणी माणसं आत येतानाच ही यादी नीट तपासून घेतात, आधीच्या बिऱ्हाडाची फुटकी काच आपल्या नावावर चढू नये म्हणून. विजेचं बिल भरायचं, किल्ल्या द्यायच्या, ना-देणी दाखला घ्यायचा. तो घेतला नाही तर गळक्या नळाची वसुली पुढच्या स्टेशनवरच्या पगारातून होते.