साठी आणि बुद्धी : स्मृतिभ्रंशाची पहिली चिन्हे

झाशी शहरास दोन भाषांचा वारसा लाभला आहे. १७४२ मध्ये पेशव्यांच्या वतीने नारो शंकर येथे सुभेदार म्हणून आले आणि मराठी कुटुंबे या शहरात रुजू लागली. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि बुंदेली, अशी त्यांची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. वृद्धांच्या विसराळूपणाविषयी मात्र या शहराच्या भाषा एकच निकाल देतात. मराठी माणूस म्हणतो, ‘साठी बुद्धी नाठी’. हिंदी बोलणारा म्हणतो, अमुक गृहस्थ ‘सठिया गये’. म्हण हसत उच्चारली जाते आणि विषय तेथेच संपतो.

या म्हणीची सत्यता आकड्यांवर तपासून पाहता येते. भारतातील साठ वर्षांवरील व्यक्तींची एक विस्तृत पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार या वयाच्या लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अदमासे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असावेत. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आढळले. आकडा मोठा आहे. पण त्याची दुसरी बाजूही पाहावी. साठी ओलांडलेल्या शंभरांपैकी नव्वदांहून अधिक माणसांस हा विकार नसतो. बुद्धी नष्ट होणे हा जर वार्धक्याचा नियमच असता, तर असे झाले नसते. तेव्हा स्मृतिभ्रंश हा वयाचा धर्म नसून मेंदूचा विकार होय. वयाबरोबर त्याचा संभव वाढतो, एवढेच खरे.

एका घरातील वर्ष

विकाराचा आरंभ कसा होतो हे कळण्यासाठी झाशीतील एका मराठी घराची कल्पना करावी. खंडेराव दरवाजाच्या आतील जुने घर. त्यात बहात्तर वर्षांच्या आजी, रेल्वेत नोकरी करणारा मुलगा, सून आणि दोन नातवंडे.

एका संकष्टीस आजींनी विचारले, “सूनबाई, आज चंद्रोदय किती वाजता गं?” सुनेने वेळ सांगितली. दहा मिनिटांनी तोच प्रश्न आला, आणि थोड्या वेळाने पुन्हा तोच. आपण हे आधी विचारले होते याची पुसटशीही खूण त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती. पुढे होळीला पुरण शिजले, वाटले गेले, परंतु त्यात गूळ घालावयाचाच राहून गेला. पन्नास वर्षे पुरण करणाऱ्या आजी म्हणाल्या, “यंदा डाळच चांगली मिळाली नाही.” सर्वजण हसले, त्याही हसल्या.

उन्हाळ्यात त्यांच्या बांगड्या दिसेनाशा झाल्या. आजींचा संशय मोलकरणीवर गेला आणि घरात मोठा कलह झाला. चार दिवसांनी त्या बांगड्या तांदळाच्या डब्यात सापडल्या. भाजीवाल्याशी चार आण्यांसाठी घासाघीस करण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या आजी आता नोट त्याच्या हातात देऊन उरलेले पैसे न मोजता परत येऊ लागल्या. भजनाला जाणे त्यांनी सोडले. कारण विचारता ‘कंटाळा येतो’ म्हणाल्या. शेवटी एके दिवशी नेहमीच्या देवळातून परतावयास त्यांना दोन तास लागले. भलत्याच रस्त्याने त्या शहराच्या दुसऱ्या टोकास गेल्या होत्या.

या सर्व काळात आपल्या लग्नात कोणती पक्वान्ने होती, वऱ्हाड कोणत्या गाडीने आले, कोण कोणावर रुसले, हे सारे त्या तपशीलवार सांगत. म्हणून मुलगा म्हणे, “आईची स्मरणशक्ती माझ्याहून तल्लख आहे. तिला काही झालेले नाही.” अनेक घरांत हीच चूक होते आणि तिच्यात मोलाचा काळ निघून जातो.

जुने राहते, नवे उतरत नाही

स्मृती म्हणजे एकच कोठार नव्हे. नव्या घटनेची नोंद प्रथम मेंदूच्या आतील बाजूस असलेल्या हिपोकॅम्पस नावाच्या भागाच्या साहाय्याने होते. त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा असल्याने त्यास हे ग्रीक नाव पडले आहे. पुढे ही नोंद हळूहळू मेंदूच्या बाह्य आवरणात विखरून पक्की होते. वारंवार आठवलेल्या व सांगितलेल्या गोष्टी तर अधिकच खोल रुजतात.

झाशीच्याच इतिहासात याचे एक उदाहरण आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५८ च्या वेढ्याच्या वेळी झाशीत होते. तेथे पाहिलेले त्यांनी चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून १८८३ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी, लिहून काढले. ‘माझा प्रवास’ या नावाने ते १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. निरोगी मेंदू एखादा अनुभव किती काळ जपून ठेवू शकतो हे त्यावरून दिसते.

स्मृतिभ्रंशाचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे अल्झायमरचा विकार. जगातील रुग्णांपैकी साठ ते सत्तर टक्क्यांत तोच आढळतो. त्यात ॲमिलॉइड नावाचे प्रथिन मज्जापेशींच्या बाहेर साचते आणि टाऊ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचा पेशींच्या आत गुंता होतो. पेशींचे परस्परांशी असलेले दळणवळण तुटते आणि अखेर त्या मरतात. हिपोकॅम्पस व त्याच्या लगतचा भाग या हानीस प्रथम बळी पडतो. त्यामुळे नवी नोंदच होत नाही, पण पूर्वी पक्क्या झालेल्या आठवणी बराच काळ टिकून राहतात. आजींना लग्नाचा दिवस आठवतो आणि सकाळचा प्रश्न आठवत नाही, याचे कारण हेच. जुन्या आठवणी शाबूत असणे हा मेंदू निरोगी असल्याचा पुरावा नव्हे.

ज्यांच्या नावाने हा विकार ओळखला जातो त्या जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफुर्ट येथे एका एक्कावन्न वर्षांच्या स्त्रीस तपासले. तिला स्वतःचे नाव लिहिणेही कठीण जात होते, आणि पतीविषयी तिच्या मनात निराधार संशय होता. १९०६ मध्ये ती वारल्यावर तिच्या मेंदूची तपासणी करून त्यांनी त्याच वर्षी आपले निरीक्षण वैद्यांच्या सभेत मांडले. हा विकार केवळ वार्धक्याचा परिणाम नव्हे, याची सूचना त्या पहिल्याच रुग्णाच्या वयात होती.

साधे विसरणे कोणते, विकार कोणता?

विसरणे हा मनुष्यस्वभाव आहे. ओळखीच्या माणसाचे नाव ऐन वेळी न आठवणे व तासाभराने आठवणे, चष्मा कोठे ठेवला ते विसरणे, खोलीत कशासाठी आलो याचा क्षणभर विसर पडणे, यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. पुढील गोष्टी मात्र वारंवार घडू लागल्या व वाढत गेल्या, तर त्यांची दखल घ्यावी.

१. तोच प्रश्न किंवा तीच हकीकत थोड्या थोड्या वेळाने पुन्हा येणे आणि आठवण करून दिल्यावरही न आठवणे.

२. अंगवळणी पडलेल्या कामाचा क्रम चुकणे : स्वयंपाक, पूजेची मांडणी, घरखर्चाचा हिशेब, औषधांच्या वेळा.

३. परिचित रस्त्यावर वाट चुकणे. वार, महिना किंवा सणाचे दिवस यांचा गोंधळ होणे.

४. साधे शब्द न सुचणे आणि ‘ते हे’, ‘ते आपलं’ यांवर बोलणे अडून राहणे.

५. वस्तू भलत्याच ठिकाणी ठेवणे आणि त्या चोरीस गेल्याचा आरोप करणे.

६. पैशाच्या व्यवहारात पूर्वी न दिसलेला भोळेपणा किंवा अविचार.

७. स्वभावात पालट : हौशी माणूस उदासीन होणे, शांत माणूस चिडखोर होणे, चारचौघांत जाणे टाळणे.

यांतील एखादे चिन्ह एकदा दिसले म्हणून विकार ठरत नाही. मोजमाप करताना शेजारच्या वृद्धाशी तुलना करू नये. त्याच व्यक्तीचे पूर्वीचे वागणे हेच खरे माप. ज्यांनी जन्मात हिशेब ठेवला नाही त्यांचा हिशेब चुकला तर त्यात नवल नाही. पण आयुष्यभर पै-पैचा जमाखर्च लिहिणाऱ्याची वही कोरी राहू लागली, तर तो बदल बोलका आहे.

घरातील माणूस हाच पहिला निरीक्षक

रुग्णास स्वतःला आपल्या दोषाची जाणीव पुष्कळदा नसते. असली तरी तो लाजेने लपवितो. म्हणून सोबत राहणाऱ्या माणसाची साक्ष महत्त्वाची ठरते. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात हरियाणातील बल्लभगढ परिसरात भारतीय व अमेरिकन संशोधकांनी वृद्धांची पाहणी केली, तेव्हा पाश्चात्त्य चाचण्या तेथे उपयोगी पडेनात. कारण त्या लिहिता-वाचता येणारा माणूस गृहीत धरून रचलेल्या होत्या. तेव्हा निरक्षरांसही देता येईल अशी हिंदी चाचणी तयार करण्यात आली. तिच्या जोडीला घरच्या माणसास विचारावयाचे प्रश्नही रचले गेले, आणि त्यांचा रोख दैनंदिन व्यवहारावर होता. सुनेने किंवा मुलाने पाहिलेल्या बारीकसारीक गोष्टींना शास्त्रातही स्थान आहे, हे यावरून ध्यानात यावे.

अशा साक्षीसाठी एक साधी वही ठेवावी. काय घडले, कोणत्या दिवशी, किती वेळा, आणि पहिला बदल केव्हा जाणवला, एवढे तिच्यात टिपावे. वैद्यापुढे ‘हल्ली फार विसरतात’ या वाक्यापेक्षा अशा चार नोंदी अधिक कामाच्या असतात.

दिसते तसे नेहमीच नसते

लवकर ओळखण्याचा सर्वांत मोठा लाभ असा की, स्मृतिभ्रंशासारखी दिसणारी काही दुखणी बरी होण्याजोगी असतात. बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव, विशेषतः शाकाहारी माणसांत, थायरॉइड ग्रंथीचे मंद काम, मनाचे औदासीन्य, झोपेच्या व अन्य काही औषधांचा परिणाम, पडल्यानंतर कवटीच्या आत हळूहळू साचलेले रक्त, ही सारी बुद्धी मंद करू शकतात. साध्या रक्ततपासणीने यांतील पहिली दोन कारणे कळतात. बहिरेपणाही तपासून घ्यावा. जे नीट ऐकूच आले नाही ते आठवणार कसे?

आणखी एक भेद अत्यंत महत्त्वाचा आहे. स्मृतिभ्रंश महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी वाढतो. परंतु काल ठीक असलेली व्यक्ती आज एकाएकी बरळू लागली, माणसे ओळखेनाशी झाली किंवा गुंगीत गेली, तर ती तातडीची अवस्था समजावी. बुंदेलखंडाच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो. वृद्धांस तहानेची जाणीव कमी असते, आणि शरीरातील पाणी घटल्याने असा भ्रम होऊ शकतो. मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा न्यूमोनिया यांनीही तो होतो. अशा वेळी दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

पुढे काय करावे?

प्रथम नेहमीच्या वैद्यास दाखवावे, आणि त्यांच्या सल्ल्याने मेंदूच्या किंवा मनोविकाराच्या तज्ज्ञाकडे जावे. झाशीत १९६८ पासून महाराणी लक्ष्मीबाई यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात वृद्धांच्या मानसिक आरोग्याचा स्वतंत्र विभाग आहे. ज्येष्ठ नागरिकांस व त्यांच्या कुटुंबीयांस सल्ला मिळावा म्हणून १४५६७ ही राष्ट्रीय दूरध्वनी-सेवाही आहे.

अल्झायमरचा विकार मुळापासून बरा करणारे औषध अद्याप नाही. काही जुनी औषधे लक्षणे काही काळ सुसह्य करतात. ॲमिलॉइड दूर करणाऱ्या लेकानेमॅब या औषधास अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. ते विकाराची गती काहीशी मंद करते, पण केवळ आरंभीच्या अवस्थेत. शिवाय मेंदूस सूज येणे किंवा रक्तस्राव होणे असे धोके त्यात आहेत.

प्रतिबंधाची बाजू अधिक आशादायक आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगे चौदा धोके नोंदविले. शिक्षणाचा अभाव, बहिरेपणा, अधू दृष्टी, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकाकीपणा व प्रदूषित हवा हे त्यांतीलच. हे सर्व धोके दूर करता आले, तर जगातील सुमारे पंचेचाळीस टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. झाशीकर मराठी माणसास आवडेल असा एक निष्कर्ष हैदराबादच्या संशोधकांनी २०१३ मध्ये मांडला. ६४८ रुग्णांच्या अभ्यासात एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा विकार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेला दिसला. दुसरी भाषा हे काही कवच नव्हे. पण मेंदूस कामात ठेवणे हिताचे असते, एवढे त्यावरून म्हणता येते.

आता पुन्हा त्या घराकडे वळू. आजींस विकार आहे हे कळल्याने तो नाहीसा होणार नाही. पण मोलकरणीवरचा आळ दूर होईल. ‘किती वेळा सांगायचे?’ हा त्रासिक प्रश्न बंद होईल. चंद्रोदयाची वेळ भिंतीवरच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिली जाईल, आणि पुरणाच्या वेळी सून शेजारी बसून गूळ पुढे सरकवील. घर, दागिने, पैसा व पुढील उपचार यांविषयी आजी आपली इच्छा स्वतःच्या तोंडाने सांगू शकतील, कारण अजून त्यांना ती सांगता येते. काही वर्षांनी ती संधी राहत नाही.

म्हण उच्चारून विषय संपविणाऱ्या घरात हे काहीच घडत नाही. तेव्हा वृद्ध माणसाच्या वागण्यात बदल दिसला, तर ‘वय झाले’ म्हणण्याआधी त्यांस वैद्याकडे न्यावे.