नेट कुठे तुटते? आधी निदान, मग उपचार

सकाळची ओपीडी भरात असते. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याहून आलेल्यांची रांग लागलेली असते आणि केसपेपरच्या खिडकीतून आवाज येतो, "नेट गेलंय, थांबा." पाच मिनिटांत येते, पुन्हा जाते. रक्ताचा रिपोर्ट तयार असूनही वॉर्डातल्या संगणकावर दिसत नाही. वायरने जोडलेल्या संगणकाचे हे 'येते-जाते' दुखणे पूर्ण बंद पडण्याहून त्रासदायक असते, कारण दुरुस्तीला माणूस येतो तेव्हा सगळे सुरळीत असते.

अशा वेळी सर्रास राउटर बंद-चालू केला जातो. हे म्हणजे तापावर नुसती पॅरासिटामॉल. ताप उतरतो, कारण तसेच राहते.

आधी दुखण्याची जागा ठरवावी. एकाच संगणकाचे नेट जात असेल, तर दोष त्याच्या केबलमध्ये, स्विचच्या पोर्टमध्ये किंवा नेटवर्क कार्डात असण्याची शक्यता जास्त. सगळ्यांचेच जात असेल, तर स्विच, राउटर किंवा बाहेरची लाइन पाहावी. संगणकावरून राउटरला सतत 'पिंग' करावे. राउटर उत्तर देतो पण बाहेरचे संकेतस्थळ देत नाही, तर सेवा देणाऱ्या कंपनीला फोन करावा. राउटरच गप्प असेल, तर बिघाड आपल्याच इमारतीत आहे.

केबलमध्ये आठ तारांच्या चार जोड्या असतात. १०० मेगाबिटच्या वेगाला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. त्यामुळे एक तार दुखावली तरी वेग घसरतो किंवा जोडणी वारंवार तुटते. खुर्चीच्या चाकाखाली दबलेली, उंदराने कुरतडलेली, क्लिप मोडल्याने सैल झालेली केबल आधी तपासावी. तांब्याच्या केबलची लांबी १०० मीटरच्या आत हवी.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी: आधी केबल, मग पोर्ट, मग कार्ड. तिन्ही एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला ते कळत नाही. नेट जाण्याच्या वेळा वहीत लिहाव्यात. फक्त दुपारीच जात असेल, तर बंद कपाटातला, धुळीने भरलेला स्विच तापतो का ते पाहावे. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, हे विसरू नये.

एक चूक मात्र सगळे नेटवर्क गुदमरवते. केबलची दोन्ही टोके एकाच स्विचला जोडली गेली, की संदेश गोल-गोल फिरत राहतात. ते रोखण्याची सोय अनेक स्विचमध्ये असते. पण बोस्टनच्या बेथ इस्राएल डिकनेस रुग्णालयात नोव्हेंबर २००२ मध्ये वाढत गेलेल्या नेटवर्कपुढे तीच कोलमडली. जवळपास चार दिवस कारभार कागदावर चालला. तिथले तेव्हाचे संगणक विभागप्रमुख जॉन हलामका स्वतः डॉक्टर. इतरांनी धडा घ्यावा म्हणून त्यांनी घडलेले उघडपणे सांगितले.

म्हणूनच छापील केसपेपरचा गठ्ठा खिडकीवर कायम असावा आणि गंभीर रिपोर्ट फोनवर कळवण्याची पद्धत ठरलेली असावी. केबलचा दोष सापडेपर्यंत रुग्णाचा उपचार थांबता कामा नये.